थोटकावरचा ठिपका

१

आमच्या जावईबापूंबद्दल माझी एक तक्रार आहे. ते माझ्या स्वयंपाकघरात घुसतात. जेवण आटोपलं की बाह्या वर सारून बेसिनशी उभे राहतात, आणि "आई, तुम्ही बसा," म्हणत भांडी घासायला लागतात. शेजारच्या बायका माझा हेवा करतात. लेक तर कौतुकाने नुसती फुगलेली असते. जावयाने भांडी घासू नयेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. खुशाल घासावीत. पण मग ती जागेवर कोणी ठेवायची? गाळणं मला कपांच्या मागे सापडतं. झाकणं एका फळीवर आणि त्यांची पातेली तिसऱ्याच फळीवर. या खेपेला तर केकवर नक्षी काढायची माझी पिचकारी चमच्यांच्या खणात पडलेली, अख्खी जोडलेली आणि आतून ओली. ती मी नेहमी चार तुकड्यांत सुटी करते आणि खिडकीत फडक्यावर वाळवते. आतली रबराची चकती ओली राहिली की चिकट होते. मी मनात म्हटलं, जावई आहे बाई, गिळ मुकाट्याने.

गिळलं. येताना त्यांनी माझ्यासाठी साबणाचा डबा आणला होता, तोही गिळायला मदत करत होता. पांढराशुभ्र डबा, त्यावर फिकट निळ्या रंगाचं एकच पीस, डावीकडे झुकलेलं. "चित्र माझं आहे, आई," ते म्हणाले. खोक्यांवरची चित्रं काढणाऱ्या एका कंपनीत ते कामाला आहेत. साबण, बिस्किटं, औषधं, जे येईल त्याचं खोकं.

लेक-जावई आले होते ते आमच्या यांच्यासाठी. रविवारी यांची सिगारेट सुटून वर्ष होणार होतं. त्याआधी यांच्या फुप्फुसाचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून सुटली. पण डॉक्टरांनी 'सोडा' म्हणून सांगितलं होतं त्याच्या कितीतरी आधी. तेव्हा यांनी काय केलं? सोडली नाही, बदलली. तपकिरी टोकाची टाकून पांढऱ्या टोकाची घेतली. पाकिटावर 'सौम्य' लिहिलंय म्हणे! त्या सौम्य सिगारेटी ओढत ओढत माणूस ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोहोचला. तर त्या वर्षाचा मी केक करणार होते. वाढदिवसच तो, दुसरं काय.

रविवारी सकाळी मी केकचं पीठ फेटत होते. तेवढ्यात सूनबाईच्या खोलीतून हाक आली. तिचा आवाज कधी चढत नाही. त्या दिवशी चढला.

"आई! माझी बरणी कोणीतरी बदलली!"

२

माझी सून सरकारी प्रयोगशाळेत आहे. सिगारेटच्या पाकिटावर कंपनीवाले जे छापतात ते खरं की खोटं, हे तपासायचं तिचं काम. मुलगा माझा दौऱ्यावर असतो, त्यामुळे तिच्या कामाच्या गोष्टी तिच्या तोंडून ऐकायला बहुतेक वेळा मीच असते.

तिच्या पलंगावर बरणी उपडी केलेली होती. सगळी सिगारेटची थोटकं, पांढऱ्या टोकाची. कचऱ्याला लोक लाथ मारतात, ही पोर चिमट्याने उचलून आणते. बसथांब्याजवळची, कचेऱ्यांच्या जिन्यातली, दवाखान्याच्या फाटकाबाहेरची. प्रयोगशाळेच्या खोलीला रंग देत होते, त्याच्या वासाने थोटकं खराब होतील म्हणून तिने बरणी दोन दिवस घरी आणली होती.

"नीट सांग," मी म्हटलं. "थोटकं तर आहेत की."

"ही माझी नाहीत, आई. टोकाकडून बघा."

मी चष्मा चढवला. प्रत्येक थोटकाच्या टोकाला मधोमध छोटासा पिवळट ठिपका, आणि भोवती पांढरं कडं.

हे सगळं तिने आदल्या दिवशी दुपारी जेवताना आम्हां सगळ्यांना समजावलं होतं. सौम्य सिगारेटीच्या टोकाजवळ सुईने टोचल्यासारखी भोकं असतात. दिव्यासमोर धरली तर दिसतात. यंत्राने सिगारेट ओढली की ते टोक अगदी कडेला धरतं, भोकं मोकळी राहतात, त्यांतून हवा शिरते, धूर पातळ होतो आणि आकडा कमी येतो. मग कंपनी सांगते, बघा, किती सौम्य! पण माणूस काही यंत्र नाही. तो ओठांनी, बोटांनी ती भोकं झाकतो, त्याच्या नकळत. मग धूर अख्खाच्या अख्खा छातीत. यंत्राच्या थोटकावर मधे ठिपका उमटतो, माणसाच्या थोटकाचं टोक कडेपर्यंत तपकिरी होतं. तिच्या बरणीतली जवळजवळ सगळी थोटकं तशी तपकिरी होती. जेवताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि जेवताना दाखवली म्हणून तिला बोललेही होते.

"उद्या 'सौम्य' शब्दावरून सिगारेट कंपनीविरुद्ध सुनावणी आहे," सूनबाई म्हणाली. "फोटो काय, कोणीही कसेही काढेल, असं म्हणून त्यांच्या वकिलानेच खरी थोटकं मागितली. उद्या मी ही उघडली तर तो म्हणेल, बाईंच्याच बरणीने आमचा आकडा खरा ठरवला. माझी नोकरी जाईल तो भाग वेगळा. पण 'सौम्य' हा शब्द पाकिटावर राहील. आणि बाबांसारखे लोक..."

मी एक थोटूक उचललं. टोक गोल, कोरडं, कडक. दात लागलेला नाही, ओल लागलेली नाही. फक्त अगदी कडेला एक बारीक वळ, कोणीतरी अंगठी घालून काढल्यासारखा.

"हे तोंडात गेलेलंच नाही," मी म्हटलं. यांची रक्षापात्रं धुण्यात माझा जन्म गेला. तोंडात गेलेलं थोटूक चेपतं.

"मलाही तेच वाटतं," ती म्हणाली. "पण मग ओढलं कशाने? यंत्र तर प्रयोगशाळेत आहे, आणि प्रयोगशाळेला कुलूप."

आदल्या दिवशी जेवायला होतो आम्ही तिघी बायका आणि तीन पुरुष. हे गप्प होते. सिगारेटीचा विषय निघाला की हे ताटात बघतात. माझ्या धाकट्या भावाला सगळं घर मामा म्हणतं, म्हणून मीही इथे मामाच म्हणते. त्याचं कोपऱ्यावर पान-सिगारेटचं दुकान. तो हसून म्हणाला होता, "सूनबाई, लोकांची उष्टी गोळा करतेस, त्यापेक्षा माझ्या दुकानात बस." आणि जावईबापूंनी विचारलं होतं, म्हणजे यंत्र टोक नेमकं कुठे धरतं? मला वाटलं, चला, एकाला तरी तिच्या कामाची कदर आहे.

मी विचार करतेय तोवर गॅलरीतून मामा ओरडला.

"ताई! माझ्या डब्यात ही पांढऱ्या टोकाची थोटकं कोण टाकतंय?"

३

मामा घरात सिगारेट ओढत नाही, ओढली तर मी त्याला ओढीन. गॅलरीत त्याच्यासाठी रंगाचा जुना डबा वाळू भरून ठेवलाय. मामाची सिगारेट तपकिरी टोकाची. वाळू जराशी उकरलेली होती आणि तिच्यातून दोन-तीन पांढरी टोकं वर डोकावत होती.

या घरात पांढऱ्या टोकाची सिगारेट एकाच माणसाने ओढली होती.

मी डबा उचलला आणि कोणी बघायच्या आत कोठीत फडक्याखाली दडवला. आज यांचा केक होता. सुनेसमोर, जावयासमोर यांची शोभा मला नको होती. मग मी यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"गॅलरीत जाऊन चोरून ओढताय ते. मामाच्या डब्यात पांढरी टोकं सापडलीत."

यांनी पेपर खाली ठेवला. "अगं, नाही ओढली मी."

"आधी पण असंच म्हणायचात. खिशात पाकीट असायचं आणि तोंडाने नाही."

"तेव्हा खोटं बोलायचो. आत्ता नाही बोलत." एवढंच म्हणाले. चष्मा काढून पुसत राहिले. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी मामाला गाठलं. "काल जेवणानंतर मी आणि सूनबाई बाजारात गेलो तेव्हा तू कुठे होतास?"

"दुकानात. माल यायचा होता. का गं? तुझ्या सुनेची कचऱ्याची बरणी मी पळवली असं वाटतंय?"

"तुझ्या दुकानात सगळ्यात जास्त खपतं ते पाकीट तेच ना? निळं पीस असलेलं?"

"खपतं. आणि मला ते आवडत नाही. नुसती हवा! ज्याला एक पुरायची तो दोन ओढतो, आणि वर मला सांगतो की मामा, मी कमी केली." तो हसला, पण मग जरा थांबून म्हणाला, "दाजींनाही मीच देत होतो ना ती. मला काय वाटतं, ते विचारू नकोस."

मामा खोटं बोलतो तेव्हा फार बोलतो. तेवढ्यावर गप्प बसला.

जावईबापू स्वतःच माझ्याकडे आले. हलक्या आवाजात म्हणाले, "आई, बाबांना बोलू नका. वर्षभर सोडणं सोपं नसतं. तल्लफ फार वाईट. पाकीट विकत आणायची चोरी, आणि घरात बरणीभर थोटकं... माणूस तीसुद्धा पेटवतो."

"आणि बरणीत दुसरी कुठून आली?"

"कळू नये म्हणून भरली असतील कुठली तरी. तुम्ही दोघी बाजारात, ही झोपलेली, मी वर गच्चीवर व्यायाम करत होतो. घरात बाबाच जागे होते."

'ही' म्हणजे माझी लेक. माझं रक्त तापलं. जावई खोटं बोलत असतील म्हणून नाही. खरं बोलत असतील म्हणून.

४

तरीही मी केक केला. फेटलेलं पीठ टाकून द्यायला माझा हात उठत नाही. क्रीम पिचकारीत भरलं आणि केकवर कडेकडेने फुलं काढली. हात चालत होते, डोकं भलतीकडेच.

टेबलाभोवती सगळे मयताला बसल्यासारखे बसले होते. सूनबाईच्या पुढ्यात ती बरणी. यांनी केक कापला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, दोनच.

यांनी एक फूल तोंडात घातलं. आणि लगेच बशीत थुंकलं.

"अहो!" मी ओरडले.

"अगं, याला सिगारेटचा वास येतोय."

"काहीतरीच काय, दाजी," मामा म्हणाला. त्याने तोवर दोन फुलं संपवली होती. "झकास झालंय. ताई, अजून वाढ."

मी एक फूल बोटावर घेऊन नाकाशी धरलं. लोणी, साखर... आणि खाली, अगदी तळाशी, जुन्या रक्षापात्राचा वास. पहिल्याच फुलाच्या पाकळीत तपकिरी केसासारखी एक रेघही होती.

आणि मी यांच्याकडे बघत राहिले. हा माणूस सिगारेट ओढायचा तेव्हा यांच्या नाकासमोर दूध करपून पातेलं काळं व्हायचं, आणि हे विचारायचे, काय झालं? सुटल्यापासून दूध लागायच्या आत गॅलरीतून हाक येते, "अगं, गॅस!" मामाला कणभरही वास आला नाही आणि यांनी एका घासात ओळखला. ते नाक काल सिगारेट ओढलेल्या माणसाचं नव्हतं.

"तुम्ही ओढलेली नाही," मी म्हटलं.

"सकाळपासून तेच सांगतोय," हे म्हणाले.

आता माझी नजर टेबलावरून फिरली. लेकीच्या बशीतलं फूल अर्धं खाल्लेलं, तोंड वाकडं केलेलं. सूनबाईने तर केकच घेतला नव्हता. आणि जावईबापूंनी बशीतला केक संपवून फूल तेवढं अलगद कापून, बशीच्या कडेला ठेवलं होतं. चव न घेताच.

"कोणी उठायचं नाही," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले.

५

परत आले तेव्हा माझ्या एका हातात पिचकारी होती, दुसऱ्यात कोठीतला वाळूचा डबा, आणि काखेत साबणाचं खोकं.

पिचकारी मी टेबलावर चार तुकड्यांत सुटी केली. रबराची चकती काढून पुसली. क्रीमखाली ती चहाच्या गाळण्यासारखी तपकिरी. "लोखंड धुतलं की वास जातो," मी म्हटलं. "रबराचा जात नाही. म्हणून मी ती काढून वेगळी धुते. ज्याने धुतली त्याला हे ठाऊक नव्हतं."

मग गोल तोंडाची नळी उचलली आणि बरणीतल्या एका थोटकाच्या टोकावर बसवली. बरोब्बर त्या अंगठीसारख्या वळावर बसली.

सूनबाई खुर्चीतून उठली. "पिचकारीचा दांडा मागे ओढला की सिगारेट ओढली जाते! टोक फक्त कडेला धरलेलं, भोकं मोकळी. आई, हे माझं यंत्रच झालं!"

"ज्याला सिगारेट ओढता येते तो पिचकारी कशाला शोधेल?" मी म्हटलं. "मामाचं तोंड आहे की. पण मामाच्या तोंडाने ओढली असती तर टोक चेपलं असतं आणि भोकं झाकली गेली असती, सवयीने. म्हणजे हे काम कधीच न ओढणाऱ्या माणसाचं. आणि यंत्र टोक नेमकं कुठे धरतं, हे ज्याने विचारून घेतलं त्याचं."

जावईबापू हसले. "आई, विचारलं तर काय झालं? मी आपला उत्सुकतेने..."

"काल या घरात केक झाला नव्हता," मी म्हटलं. "पिचकारी गेले कित्येक महिने कोणी वापरली नव्हती. ती कोरडी, स्वच्छ, खिडकीशेजारच्या फडताळात होती. जावईबापू, जेवणाची भांडी तुम्ही घासलीत हे समजलं. पण न वापरलेली पिचकारी तुम्ही कशाला घासलीत?"

मामाने हातातली बशी खाली ठेवली.

"मी म्हणे आजवर तुमच्या भांडी घासण्यावर चिडत होते! जरा जास्त चिडले असते तर कालच कळलं असतं."

मी साबणाचं खोकं मधोमध ठेवलं. "मामा, तुझ्या दुकानातलं ते पाकीट आहे खिशात?"

"दुकानचं नेहमी असतं." त्याने काढून शेजारी ठेवलं. खाली सडक्या फुप्फुसाचा इशारा, आणि त्याच्यावर, राहिलेल्या पांढऱ्या जागेत, फिकट निळं पीस. डावीकडे झुकलेलं.

मला अक्षरं लागायला वेळ लागतो. चित्राला नाही लागत.

लेक त्या दोन पिसांकडे बघत होती. "तू म्हणाला होतास, बिस्किटं आणि औषधं," ती नवऱ्याला म्हणाली. "साबण म्हणाला होतास."

"ते पाकीट लग्नाआधीचं आहे," जावईबापू म्हणाले. त्यांचा गोड आवाज कुठल्या कुठे गेला होता. "माझं पहिलं मोठं काम. मला सांगितलं, काहीतरी हलकं वाटेल असं काढ. मी पीस काढलं. एवढंच. आता 'सौम्य' गेलं तर पीसही जाईल आणि त्याच्या मागोमाग मी. म्हणून बॅगेतली नमुन्याची पाकिटं घेऊन गच्चीवर गेलो. पण कोणाचं वाईट करायला नाही, आई."

"आणि माझी थोटकं?" सूनबाईने विचारलं.

मी वाळूचा डबा तिच्यापुढे सरकवला. तिने चमच्याने वाळू बाजूला केली. वरची दोन-तीन दिसत होती, खाली सगळीच्या सगळी होती, कडेपर्यंत तपकिरी. थोटकं लपवायला थोटकांचा डबा! आणि तो मीच फडक्याखाली दडवून ठेवला होता.

सूनबाईने एकेक थोटूक कागदावर मांडलं. मग हात थांबले. "मिळाली, पण उपयोग नाही. बरणी उघडली गेली, हे मला उद्या सांगावंच लागणार. न सांगता मी जाणार नाही. आणि सांगितलं की वकील म्हणेल, मग यातली खरी कुठली?"

खरंच होतं ते. लेक रडत नव्हती, पण तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं केलं होतं. एकीकडे सुनेचं काम, एकीकडे लेकीचा संसार, आणि दोन्ही माझ्याच टेबलावर. हे मात्र ते पाकीट हातात घेऊन पिसावरून अंगठा फिरवत होते.

"छान काढलंय हो," हे जावयाला म्हणाले. खरंच मनापासून म्हणाले. "याच्याकडे बघूनच मी ही घेतली होती."

जावईबापूंनी मान खाली घातली. पिचकारी, पाकीट, बायकोचा प्रश्न, कशानेही न खचलेला माणूस त्या एका वाक्याने खचला.

मग मी उभी राहिले. जावयाला आजवर मी आवाज चढवून बोलले नव्हते, तेव्हाही चढवला नाही.

"जावईबापू, आता ऐका. तुमच्या हातून दोन गोष्टी झाल्या. पहिली, पीस. ते तुम्ही न कळता काढलंत, त्याबद्दल मी काही म्हणणार नाही, ज्यांनी म्हणायला हवं त्यांनी तुमचं कौतुक केलं. दुसरी, बरणी. ती तुम्ही पुरतं कळून केलीत, आणि आळ घातलात तो ज्याचं अर्धं फुप्फुस गेलंय त्या माणसावर. तर उद्या तुम्ही सूनबाईबरोबर सुनावणीला जायचं. एका हातात तिची बरणी, एका हातात तुमची. सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगायचं, की ही माणसांनी ओढली म्हणून काळी, आणि ही मी पिचकारीने ओढली म्हणून गोरी. तिला जे पटवायला वर्षं लागली ते तुम्ही एका दुपारी माझ्या पिचकारीने करून दाखवलंत, तेवढं श्रेय तुमचं तुम्ही घ्या. नोकरी जाईल. जाऊ दे. हात आहे तुमच्याकडे, दुसरं काहीतरी काढाल, आणि तोवर माझी लेक उपाशी राहणार नाही. नाही गेलात, तर या घरात तुम्ही जावई म्हणून याल, जेवाल, मी वाढीन, पण स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. आणि गेलात, तर परत आल्यावर हवी तेवढी भांडी घासा. फक्त ती पिचकारी मी तुमच्या बरणीबरोबर पाठवतेय, ती सरकारजमा करून या. मला नवी आणा. आणि तिच्या खोक्यावर काही काढलेलं असेल, तर आधी यांना दाखवा."